राखणीच्या कुत्र्याचें पाय चाटणें : कारणें, परीक्षा व उपाय

शेतकऱ्याच्या जमाखर्चांत बैलाची पेंड, गाईचा चारा व कोंबड्यांचे दाणे यांस जागा असते. परंतु खळ्यावर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याच्या नांवें एक पैही मांडलेली सहसा आढळत नाहीं. उरलेली भाकरी व ताक एवढ्या वेतनावर तो रानडुकरें हांकलितो, परक्या माणसाची चाहूल देतो, आणि आजारी पडला म्हणजे आपला आपण बरा होईल असें समजून त्यास सोडून देण्यांत येतें. त्याच्या पुष्कळशा दुखण्यांची पहिली खूण एकच असते. ती ही कीं, तो एका बाजूस जाऊन आपला पाय चाटीत बसतो. ही खूण क्षुल्लक वाटते, म्हणून तिची उपेक्षा होते. आणि जेव्हां इलाज केला जातो तेव्हां तो बहुधा रोगापेक्षां अधिक घातक असतो. सबब या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन गोष्टी प्रथमच सांगून ठेवितों. पहिली, चाटणें हा स्वतः रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण होय. दुसरी, कुत्र्याच्या पायास आपण जें लावितों तें घटकाभरांत त्याच्या पोटांत जातें. या दोन गोष्टी ज्यानें ध्यानांत ठेविल्या, त्याच्या हातून कुत्र्याचें नुकसान सहसा होणार नाहीं.

स्वाभाविक चाटणें व रोगाचें चाटणें

चिखलांतून किंवा दंवांतून आलेला कुत्रा पाय चाटून स्वच्छ करितो आणि कांहीं वेळानें निजतो. हें स्वाभाविक आहे. त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं. परंतु तो रोज एकच जागा चाटूं लागला, झोपेंतून उठून चाटूं लागला, किंवा पुढें ठेविलेलें अन्न सोडून पायाकडे वळूं लागला, तर कांहीं तरी बिघडलें आहे असें समजावें. पांढऱ्या अगर फिक्या रंगाच्या कुत्र्याच्या बोटांवरील केंस गंजलेल्या लोखंडासारखे तांबूस दिसूं लागतात. हा रंग लाळेंतील द्रव्याचा असतो, आणि चाटणें पुष्कळ दिवसांचें आहे याची ती साक्ष होय. केंस विरळ होणें, बोटांच्या बेचक्यांतून आंबूस वास येणें, पाऊल उचलून धरणें, हीं पुढचीं लक्षणें आहेत.

कुत्रा चाटून आपली जखम बरी करितो, असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. लाळेमध्यें जंतूंस अटकाव करण्याचा थोडासा गुण आहे हें खरें. पण तोंडांतील जंतूही त्याच लाळेबरोबर जखमेंत उतरतात. शिवाय जीभ खरखरीत असल्यामुळें जखमेवर धरलेली कोवळी त्वचा खरवडून निघते, आणि सदा ओली राहिलेली कातडी मऊ पडून फाटते. मग तेथें आग होते. आग झाली म्हणजे तो पुन्हां चाटतो. चाटलें म्हणजे पुन्हां आग होते. हें रहाटगाडगें एकदां सुरू झालें कीं मूळचें कारण नाहींसें झालें तरी चाटणें थांबत नाहीं. पुढच्या पायाच्या मनगटावर अगर मागच्या पायाच्या घोट्यावर रुपयाएवढा, केंस गेलेला, जाड व उंचावलेला चट्टा होतो आणि त्याच्या आंत खोलवर पू धरतो. असा चट्टा बरा होण्यास आठवडे, प्रसंगीं महिने लागतात. पावसाळ्यांत तर अशा ओल्या जखमेवर माशी अंडीं घालते आणि एका दिवसाच्या आंत जखमेंत किडे पडतात. म्हणून पहिल्या आठवड्यांत दिलेलें लक्ष पुढच्या तीन महिन्यांचा त्रास वांचवितें.

हात लावण्यापूर्वीं

पायाची परीक्षा करण्याआधीं मालकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा : या कुत्र्यास गेल्या कांहीं महिन्यांत दुसरा कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस चावलें आहे काय? पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यानंतर रोग प्रकट होण्यास कांहीं आठवडे ते कांहीं महिने लागतात. आणि तो प्रकट होतांना कित्येक कुत्रे जुन्या चाव्याची, वरून भरून आलेली जागा अधाशासारखी चाटूं व चावूं लागतात. चाटण्याबरोबर स्वभावांत अकस्मात फरक, आवाज घोगरा होणें, खालचा जबडा लोंबणें, लाळ गळणें, पाणी गिळतां न येणें, लांकूड अगर माती चावणें यांपैकीं कांहीं दिसल्यास कुत्र्यास हात लावूं नये. घशांत हाड अडकलें असेल अशा समजुतीनें तोंडांत हात घालणें म्हणजे मृत्यूस हात घालणें होय. त्यास बंद जागीं कोंडून पशुवैद्यास कळवावें.

अशा कुत्र्यानें घरांतील कोणास चावा घेतला असेल, किंवा कातडी फाटलेली अथवा खरचटलेली जागा चाटली असेल, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जाऊन लस टोचून घ्यावी. केवळ चाटलें आहे, चावला नाहीं, म्हणून स्वस्थ बसूं नये. रोग एकदां प्रकट झाल्यावर त्यावर भरंवशाचा इलाज नाहीं. लस मात्र वेळीं घेतल्यास रक्षण करिते. ही लस लुई पाश्चर यानें 1885 सालीं प्रथम एका मुलास टोचली. तेव्हांपासून ती पुष्कळ सुधारलेली आहे. राखणीच्या कुत्र्यास तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली लस देऊन पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें दरवर्षीं दिली, तर या परिच्छेदाचा उपयोग करण्याची वेळच येणार नाहीं.

परीक्षा कशी करावी

कुत्रा धडधाकट वागणुकीचा असल्यास त्यास उजेडांत आणावें. एकानें मान व डोकें धरावें, दुसऱ्यानें पाय पाहावे. कितीही गरीब कुत्रा दुखऱ्या जागीं हात लागतांच चावतो. म्हणून मऊ कापडाच्या पट्टीनें तोंड तेवढ्यापुरतें बांधावें. पट्टी पांच-दहा मिनिटांपेक्षां अधिक वेळ ठेवूं नये. कारण कुत्रा धापा टाकून अंगांतील उष्णता बाहेर घालवितो आणि तोंड बांधलें म्हणजे तो मार्ग बंद होतो.

प्रथम पाय कोमट पाण्यानें धुऊन कोरडा करावा. मग प्रत्येक बेचकें उघडून पाहावें, पायाच्या गाद्या दाबून पाहाव्या, नखें मोजावीं. आंतल्या बाजूस उंचावर असलेलें अंगठ्याचें नख जमिनीस घासत नसल्यामुळें कित्येकदां वाकडें वाढून मांसांत रुततें. तें विसरूं नये. शेवटीं प्रत्येक सांधा हळूं वांकवून पाहावा.

परीक्षेंत सर्वांत उपयोगी प्रश्न हा कीं, कुत्रा एकच पाय चाटतो कीं अनेक? एकाच पायाचें चाटणें असेल तर कारण बहुधा त्या जागीं असतें : कांटा, कुसळ, चीर, मोडलें नख, विंचवाचा दंश, गांठ अगर सांध्याचें दुखणें. दोन किंवा चारही पायांचें चाटणें असेल तर कारण बहुधा सर्व अंगाशीं किंवा जमिनीशीं संबद्ध असतें : गोचिडी, पिसवा, लूत, बुरशी, खत अगर औषध यांचा स्पर्श, किंवा एखादा पदार्थ न मानवणें. या एका प्रश्नानें अर्धा शोध संपतो.

एका पायाचीं कारणें

कार्तिक-मार्गशीर्षांत माळरानावरील कुसळी गवत पिकतें. त्याचें कुसळ सुकल्यानें पिळतें व ओलाव्यानें उलगडतें, आणि टोंकाशीं असलेले बारीक केंस मागें वळलेले असल्यामुळें तें एकाच दिशेनें, म्हणजे आंत आंत, शिरत जातें. बोटांच्या बेचक्यांत लहानसा फुगवटा, त्यास एक बारीक छिद्र, छिद्रांतून पाणी अगर रक्तमिश्रित पू, अशी स्थिति दिसल्यास कुसळाचा संशय घ्यावा. टोंक दिसत असेल तर चिमट्यानें सरळ ओढून काढावें. दिसत नसल्यास सुईनें उकरूं नये; तें तुटून अधिक खोल जातें. अशा वेळीं पशुवैद्याकडून चीर देऊनच काढवावें. सराटा व बाभळीचा कांटा तितका कपटी नसतो. परंतु बाभळीचा कांटा गादींत मोडला असल्यास वरून कांहीं दिसत नाहीं, दाबलें म्हणजे कुत्रा पाय ओढून घेतो. अशी जागा कोमट मिठाच्या पाण्यांत दिवसांतून दोन-तीन वेळां पांच-पांच मिनिटें बुडवावी, म्हणजे सूज उतरून कांट्याचें टोंक वर येण्यास मदत होते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यास नऊ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे मीठ हें प्रमाण ठेवावें.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या कातडीवर कांहींच आढळलें नाहीं, आणि तो मनगट अगर घोटा चाटीत असेल, तर सांधा दुखत असण्याचा संभव असतो. सकाळीं उठतांना तो अवघडतो व चालल्यावर मोकळा होतो. अशा कुत्र्यास गारठलेल्या फरशीवर निजूं देऊं नये. कोरडें पोतें व वाऱ्यापासून आडोसा द्यावा.

अनेक पायांचीं कारणें

गोचिडींस बेचकीं व कान हीं ठिकाणें विशेष प्रिय असतात. रक्त शोषिणारी जीत गोचीड कातडीलगत चिमट्यांत धरून सरळ ओढावी; नखांनीं चिरडूं नये. कुत्र्याची गोचीड नुसती खाज आणीत नाहीं. रक्तांतील घातक ज्वरही तीच पसरविते. मात्र कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी वेंचून काम संपत नाहीं. पोट भरल्यावर मादी खालीं गळते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांदींत हजारों अंडीं घालते. म्हणून कुत्र्याची निजण्याची जागा झाडून, भेगा लिंपून, पोतें उन्हांत टाकून किंवा जाळून नवें दिल्याखेरीज गोचिडींचा वंश तुटत नाहीं. पिसवांचेंही तसेंच आहे. त्यांचीं पिल्लें धुळींत वाढतात.

लूत लागली असेल तर कोपर, घोटे व कानांच्या कडा येथील केंस जाऊन खवले धरतात आणि खाज दिवसरात्र असते. हिचा एक प्रकार माणसासही खाज आणितो; तेव्हां अशा कुत्र्याजवळ मुलांस जाऊं देऊं नये. दुसरा एक प्रकार विशेषतः पिल्लांस होतो व पायांत ठाण देऊन बसतो. दोहोंचे किडे डोळ्यांस दिसत नाहींत. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच कोणती लूत हें ठरतें. म्हणून अंदाजानें औषध लावण्यांत अर्थ नाहीं.

आषाढ-श्रावणांत बेचकीं दिवसचे दिवस ओलीं राहतात आणि तेथें बुरशी धरते. त्याच दिवसांत गोठ्यामागच्या ओल्या, घाण झालेल्या मातींतून अंकुशकृमींचीं सूक्ष्म पिल्लें तळपायाच्या कातडींतून आंत शिरतात, त्यानेंही पायांस खाज सुटते. पुढें ते कृमि आंतड्यांत राहून रक्त शोषितात व कुत्रा पांढुरका पडतो. यावर उपाय साधा आहे : जागा उंच व कोरडी असावी, विष्ठा रोज उचलून खोल पुरावी, पाय संध्याकाळीं धुऊन कापडानें बेचक्यांपर्यंत कोरडे करावे, व जंतांचें औषध वेळच्या वेळीं द्यावें. पाय धुणें सर्वजण करितात, कोरडे करणें कोणी करीत नाहीं. आणि नेमका गुण कोरडे करण्यांतच आहे.

कांहीं कुत्र्यांस ठराविक गवताचे पराग, धुळींतील सूक्ष्म किडे अथवा अन्नांतील एखादा पदार्थ सोसत नाहीं. असे कुत्रे पाय, तोंड व कान तिन्ही खाजवितात; दुखणें बहुधा एक ते तीन वर्षांच्या वयांत सुरू होतें. याचें मूळ उपटतां येत नाहीं, पण रानांतून आल्यावर पाय धुणें व पशुवैद्याच्या औषधानें खाज दाबून ठेवणें हें साधतें. पुण्याजवळ 1955 सालीं दृष्टीस पडलेलें गाजर गवत आतां सर्व बांधांवर पसरलें आहे. माणसाच्या कातडीस तें बाधतें हें सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याच्या वावरण्याच्या जागेंतून तें फुलण्यापूर्वींच उपटणें सर्वांच्याच हिताचें आहे.

शेवटीं, शेतांतील औषधें व खतें. फवारणी झालेल्या पिकांतून किंवा सांडलेल्या खतांतून गेलेला कुत्रा घरीं येऊन पाय चाटतो, आणि पायांचें विष पोटांत घेतो. तोंडास फेंस, ओकारी, स्नायूंची थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणें, हीं कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेचीं चिन्हें आहेत. अशा वेळीं हातांत रबरी मोजे घालून पाय व अंग साबणानें धुवावें, आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन तत्काळ गुरांचा दवाखाना गांठावा. त्याहून बरें हें कीं, फवारणीच्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं कुत्रा घरींच बांधावा.

जीभ अडविण्याची युक्ति

कारणाचा इलाज चालू असतां जीभ अडविणें अवश्य असतें. एरवीं दिवसा लावलेलें औषध रात्रीं चाटलें जातें. यासाठीं गळ्याभोंवतीं नरसाळ्यासारखा घेर घालावा. जाड पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून नरसाळें करावें, अथवा जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून कडेस छिद्रें पाडावीं व तो पट्ट्यास दोरीनें बांधावा. कापलेल्या कडेस कापड गुंडाळावें, म्हणजे मान सोलली जाणार नाहीं. मानेभोंवतीं दोन बोटें सहज शिरतील इतकी जागा असावी, आणि घेर नाकाच्या टोंकापुढें दोन बोटें यावा. कुत्र्यास त्यांतून खातां-पितां येतें कीं नाहीं हें स्वतः पाहावें. येत नसल्यास समक्ष बसून घेर काढावा, खाऊं घालावें व पुन्हां चढवावा. पुठ्ठा पावसांत टिकत नाहीं. त्या दिवसांत बादलीच बरी. परंतु कीटकनाशकाचा रिकामा डबा या कामीं कितीही धुतला तरी घेऊं नये.

पायास पट्टी बांधावयाची तर ती सैल असावी व रोज बदलावी. पट्टीखालीं बोटें सुजलेलीं किंवा गार लागलीं तर ती तत्काळ सोडावी; रक्त अडून पाय सडल्याचीं उदाहरणें घडतात. ओली पट्टी ठेवण्यापेक्षां पट्टी नसलेली बरी.

काय लावूं नये

फिनेल, घासलेट, जळकें इंजिन तेल, पिकावरील कीटकनाशक, हीं खेड्यांत लूत व गोचिडी यांवर सर्रास लाविलीं जातात. हीं चारही कातडी भाजतात किंवा कातडींतून अंगांत मुरतात, आणि वरून चाटलीं गेल्यामुळें दुप्पट बाधतात. औषधानें लूत गेली व कुत्राही गेला, हा प्रकार अशानेंच होतो. माणसांसाठीं असलेलीं जस्ताचीं पांढरीं मलमें चाटल्यानें पोटांत जस्ताची बाधा होते. चाटूं नये म्हणून उघड्या जखमेवर तिखट चोळणें हें क्रौर्य तर आहेच, शिवाय त्यानें आग वाढून चाटणेंही वाढतें.

दुखणें थांबावें म्हणून माणसाच्या गोळ्या देऊं नयेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या जठरास व्रण पडून रक्त जातें. गुरांसाठीं आणलेलें आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शनही कुत्र्यास अंदाजानें टोंचूं नये. गुरांचें औषध कुत्र्याच्या वजनास फार प्रखर असतें, आणि कांहीं मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांस तें थोड्या प्रमाणांतही मेंदूस बाधतें. साध्या जखमेस मिठाच्या पाण्यानें धुणें, अथवा पोव्हिडोन आयोडिन फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून पुसणें, व त्यानंतर औषध वाळेपर्यंत जीभ अडविणें एवढें पुरे आहे.

साखळी व कंटाळा

वर सांगितलेलें एकही कारण न सांपडतां कुत्रा चाटीतच असेल, तर त्याच्या साखळीकडे पाहावें. राखणीचा कुत्रा अधिक तिखट व्हावा म्हणून त्यास दिवसभर हातभर साखळीनें बांधण्याची चाल आहे. धांवण्यासाठीं व माणसांत वावरण्यासाठीं घडलेलें हें जनावर, दुसरें कांहीं करावयास नाहीं म्हणून आपला पायच चाटूं लागतें. त्यास ओरडल्यानें किंवा मारल्यानें भीति वाढते, आणि भीतीनें चाटणें वाढतें. सकाळ-संध्याकाळ मालकाबरोबर शेताची फेरी, दिवसा सावलींत लांब तारेवर सरकणारी साखळी, आणि चाटूं लागतांच न रागावतां हांक मारून एखादें काम देणें, हा याचा इलाज होय. मात्र कंटाळा हें कारण सर्वांत शेवटीं मानावें. कुसळ रुतलेल्या कुत्र्यास कंटाळलेला ठरविणें हा त्याजवर अन्याय होईल.

उपसंहार

सारांश, कुत्रा पाय चाटूं लागला म्हणजे प्रथम चाव्याची आठवण करावी, मग एक पाय कीं अनेक हें पाहावें, बेचकीं उघडावीं, पाय धुऊन कोरडा करावा व जीभ अडवावी. तीन-चार दिवसांत उतार न पडल्यास, किंवा सूज, पू, किडे, ताप, लंगडणें यांपैकीं कांहीं दिसल्यास, पशुवैद्याकडे न्यावें. बैल लंगडतांच आपण नांगर सोडून त्याचा खूर पाहतों. कारण त्याच्या पायावर आपली पेरणी अवलंबून असते. कुत्र्याच्या पायावर तयार झालेलें पीक घरांत येणें अवलंबून आहे, आणि त्याच्या लाळेवर, प्रसंगीं, घरांतील लेंकरांचा जीवही. तेव्हां त्याचा पाय पाहण्यासाठीं संध्याकाळची पांच मिनिटें काढणें हा दयेचा नव्हे, व्यवहाराचाच भाग होय.